आत प्रोमाया आहे, घंटी वाजवू नका

— हात मागे घ्या मास्तर, घंटीवरचा हात मागे! थट्टा नाही करत, माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, मी सांगतो त्यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे — म्हणजे उजव्या डोळ्याची शपथ, डाव्यात मोतीबिंदू आहे, त्याची कशाला घ्या — आणि अक्षरन् अक्षर म्हणजे अगदी तसं नाही, थोडंफार मागेपुढे होणार, पण गोष्ट ह्याच घरात घडली एवढं मी कोर्टातसुद्धा सांगेन, कोर्टाने फार खोदून विचारलं नाही तर. आत्ता आत माणूस नाही. प्रोमाया आहे. सगळ्या खिडक्या उघड्या, स्वयंपाकघराच्या अंगणाकडे, हॉलच्या रस्त्याकडे, आणि मधून ती. एक ते एक वाजून पाच, तेवढा वेळ घर तिचं. तुम्ही दुसऱ्या मजल्यावरचे नवीन ना? शाळेत भौतिकशास्त्र शिकवता? मग तुम्ही म्हणणार, हॅ, प्रोमाया म्हणजे काय, दोन खिडक्यांमधून आरपार जाणारं वारं, बस्स. शिकलेली माणसं असंच म्हणतात आणि मग मान आखडून बसतात. पत्र आहे? मिलुंकाबाईंचं पत्र तुमच्या पेटीत पडलं? मग थांबा, येतील त्या, बसा — अहो तसं नाही, थंड पायरीवर कोण बसतं, मूत्रपिंडं गारठतील! हा पुठ्ठा घ्या. खिडकीच्या खोक्याचा आहे, जाड आहे. हां. आता कॉफी घ्या, थर्मासमधली आहे, पण गाळासकट, अस्सल.

मिलुंकाबाई खाली आहेत, तिसऱ्या मजल्यावर विदोसावाकडे, लोकरीचा रुमाल डोक्याला बांधून, कानात कापूस घालून. मी दारावर पहारा देतो. का? अहो आज तिसावा दिवस! त्यांची पोरगी यागोदा, व्हिएन्नात असते, दवाखान्यात कामाला — तिने तीस दिवस दिलेत. रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ती तिथून फोनवर बघते, इथल्या हवेचा रंग कोणता. हिरवा असला की तो दिवस पास. एक दिवस जरी लाल दिसला, की गाडी घेऊन येणार आणि आईला उचलून नेणार. कुठे? अकराव्या मजल्यावर. तिथे म्हणे खिडक्या उघडायच्याच नाहीत, भिंतीतूनच हवा येते आणि भिंतीतूनच जाते, दिवसरात्र. मिलुंकाबाई म्हणाल्या, म्हणजे तिथे प्रोमाया भाड्याने राहते आणि मी तिच्याकडे पाहुणी! एकोणतीस दिवस हिरवे झालेत मास्तर. एकोणतीस. आजचा एक झाला की बाई ह्या आपल्या उझित्से गावातून हलत नाहीत, चार दिवसांनी आमचा नाताळ, सात जानेवारीचा, आपल्या चुलीवर आपला पाव. मला काय त्याचं? मला काही नाही. मी आपला असाच. बिजागऱ्या बघायला येतो.

आता त्यांचा प्रोमायाशी दावा काय, ते ऐका. नवरा, तिहोमिर, चांगला धडधाकट माणूस, तांब्याच्या कारखान्यात होता. एकदा बसने चाचाकला निघाला, उकाडा होता, दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या, हा नेमका मध्ये बसला, घामेजलेला. आणि मेला. लगेच? नाही, लगेच नाही, नऊ वर्षांनी. पण मेला ना! बाईंनी त्या दिवसापासून एक खिडकी उघडली तर दुसरीला कडी, कडीला दोरी. तरी तेव्हा बरं होतं, जुन्या लाकडी खिडक्या होत्या, फटीतून इतकं वारं यायचं की पडदा श्वास घ्यायचा. मग पाच वर्षांपूर्वी त्यांनी त्या ल्युबिशाला बोलावलं. ल्युबिशा कोण? खिडक्या बसवणारा एक. गाढव माणूस. मी लांबून ओळखतो. त्याने पीव्हीसीच्या नव्या खिडक्या बसवल्या, दुहेरी काच, तिहेरी रबर, आणि छातीवर हात मारून सांगितलं, बाई, आता मुंगीने शिंक दिली तरी बाहेरची शिंक आत येणार नाही. आता त्या चौकटीला वर एक बारीक झडप असते, कंपनीच देते, हवा खेळावी म्हणून. बाई म्हणाल्या, हे भोक कसलं? त्याने सांगितलं, श्वासाचं. बाई म्हणाल्या, बुजव. शहाण्या माणसाने काय करावं? समजूत घालावी. पण बाईंनी पिता, ती पापुद्र्यांची पोळी, गरम केली होती, पनीर घातलेली, वर दही, आणि म्हणून मग मी सगळ्या झडपांत सिलिकॉन भरलं — मी म्हणजे तो. ल्युबिशा. काय बघताय? जॅकेटवर? हं, 'ल्युबिशा, खिडक्या-दारं-जाळ्या'. त्याने दिलं मला. त्याला घट्ट होत होतं.

तर घर झालं बरणी. झाकण लावलेली. सकाळी काचेवरून पाणी ओघळायचं, कपाटामागे भिंतीला काळी बुरशी, आणि बाईंचं डोकं दुखायचं, सारखं, आणि दुपारी बाराला डुलकी यायची, बोलता बोलता. त्या म्हणायच्या वय झालं. अडुसष्ट म्हणजे काय वय आहे? काही वय नाही. यागोदा फोनवर ऐकायची, आई वाक्य अर्धं सोडून घोरते, तर तिने पार्सल पाठवलं — एवढी पांढरी डबी, पुढे आकडा, वर चेहरा. हवा चांगली असली की हिरवा चेहरा हसतो, शिळी झाली की पिवळा, मग लाल, भुवया वाकड्या, आणि इथे जे दिसतं ते तिकडे तिच्या फोनवर दिसतं. बाईंनी तिचं नाव ठेवलं व्हिएन्नावाली. खाली क्रोशाचा रुमाल विणून घातला, कशालाही रुमालाशिवाय बसवायचं नाही असा त्यांचा नियम, आणि घसरू नये म्हणून चार कोपरे दोऱ्याने डबीलाच शिवून टाकले. पहिल्याच दिवशी आकडा किती? दोन हजार नऊशे! बाहेरच्या हवेत चारशेच्या वर असतो म्हणतात, तुम्हाला ठाऊक असेल — हां, तोच वायू, आपणच सोडलेला श्वास. म्हणजे बाई पाच वर्षं स्वतःचाच उष्टा श्वास पुन्हा पुन्हा घेत होत्या. यागोदा म्हणाली, आई, खिडकी उघड. बाई म्हणाल्या, त्यापेक्षा मी तिला समजावते.

आणि समजावली हो! आधी फ्रिजमध्ये ठेवली, ताजी राहील म्हणून. मग कोठीघरात, लोणच्यांच्या बरण्यांत. मग तिच्यापुढे सुकी तुळस लटकवली. मग म्हणाल्या तिला सर्दी झाली असेल, आणि कापसाला राकिया लावून पुसली, घरची, प्लमची, बावन्न टक्क्यांची — तर ती जांभळी झाली! लालच्याही पुढे जांभळा असतो हे कंपनीलाच ठाऊक होतं, आता आम्हालाही कळलं. यागोदाचा फोन, आई, तू घरात रंगकाम करतेयस का? बाई म्हणाल्या, नाही गं, हिला औषध दिलं. मग एकदा धीर करून, एकच खिडकी, बोटभर, सकाळी सातला — आता उझित्सेत हिवाळ्यात सकाळी सातला खिडकी उघडायची म्हणजे काय, अख्खं गाव चुली पेटवतं, धूर दरीत बसलेला, समोरची इमारत दिसत नाही. पुन्हा जांभळी. बाई म्हणाल्या, बघ, बंद ठेवली तर लाल, उघडली तर जांभळी, ही बया सासूवर गेलीय. आणि यागोदा म्हणाली, बस्स झालं, आठवडाभर हिरवा दिसला नाही तर मी न्यायला येते. खोकताय का? माझ्या सिगरेटचा धूर? जिन्यातच ओढावी लागते हो, आत चालत नाही. ढकला ती तुमच्या मागची जिन्यातली काच जरा. जड आहे, जोर लावा. हां, राहू द्या. आता बरं वाटेल.

तर बाई रडल्या. मी त्यांना रडताना आधी पाहिलं नव्हतं, तिहोमिरच्या वेळीसुद्धा त्या नुसत्या खिडक्या लावत फिरत होत्या. म्हणाल्या, ल्युबिशा, तिकडे मला कोण ओळखतं, तिकडे मी कुणाला दळभद्र्या म्हणू? — हो, ल्युबिशा म्हणाल्या. बरं, मीच तो, झालं समाधान? जॅकेट माझंच आहे. घट्ट आहे ते खरं आहे. तर माझ्या डोक्यात आलं की हिला हिरवी हवा पाहिजे ना, मग हवा इथे कशाला आणायची, डबीच हवेकडे नेऊ! डबी घातली गाडीत आणि गेलो वर झ्लातिबोरला, बहिणीकडे, स्तामेंकाकडे. काय हवा आहे हो तिथे, लोक छातीचे रोग घेऊन जातात आणि परत येताना ठेवून येतात. तिच्या वायफायला जोडली, ओसरीवर ठेवली — चारशे एकवीस! हसली! दोन दिवस नुसती हसतेय. यागोदा खूश, आई किती शहाणी माझी. आई इथे तशीच बरणीत, बाराला झोपलेली. हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं ना मास्तर? डबी हसत होती आणि मी डबीकडे बघत होतो. राहू द्या.

तिसऱ्या दिवशी माझा मेहुणा, ओब्रेन, घरी आला. देवाने त्याला दोन्ही हात दिले आणि म्हणाला पुरे. आता डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणजे तिकडे काय चालू असतं? मांस धुरावर टांगायचं. प्रश्शूत. धुराची खोली अंगणातच, रात्रंदिवस बीचची लाकडं जळतायत. याने डबी बघितली, हवा मोजते म्हणे, तर म्हणाला स्तामेंकाच्या भावाने अखेर कामाची वस्तू आणली, धूर नीट लागतोय का ते कळेल — आणि नेऊन टांगली! डुकराच्या दोन मांड्यांच्या मध्ये, रुमालासकट! तिकडे व्हिएन्नात यागोदा कुणाच्या तरी पायाला प्लास्टर घालतेय, फोन वाजला, बघते तर काय — धूर नऊशे नव्व्याण्णव, त्यापुढे आकड्याला जागाच नाही, आणि चेहरा असा की तो रंग आजवर कुणी पाहिला नाही, मेहुणा म्हणतो पिकलेल्या वांग्याचा. तिने आईला फोन लावला. आई उचलेना. बारा वाजून गेलेले. मग तिने उझित्सेच्या अग्निशमनवाल्यांना फोन लावला, तिकडून, रडत.

दोन गाड्या आल्या. एक रस्त्याकडून, एक अंगणाकडून. शिड्या लावल्या आणि दोन्हीकडून एकदम काच फोडून आत. धूर कुठाय? धूर नाही. आग कुठाय? आग नाही. एक म्हातारी खुर्चीत बसलेली, मान कलती, कॉफी गार झालेली. हलवलं, उठेना. चेहऱ्यावर पाणी मारलं, तेव्हा डोळे उघडले, आणि पहिलं वाक्य काय असेल? "बूट काढा!" मग दुसरं — दोन्ही खिडक्या फुटलेल्या, बर्फाचं वारं इकडून तिकडे, पडदे छताला — दुसरं म्हणजे किंचाळल्या, प्रोमाया! त्यांचा मुख्य, तो सहा फूट पाचचा मिशीवाला, तोसुद्धा दचकला, कारण त्याचीही आई हेच सांगत आलेली. त्यांनी बाईंना झटकन आगीच्या जाड कांबळ्यात डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं, नुसतं नाक बाहेर, आणि सहाही जण स्वतःच्या मानेला मफलर गुंडाळत बाजूला उभे. मी प्लास्टिक घेऊन पोचेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. चाळीस मिनिटं त्या प्रोमायात बसल्या होत्या! मी दारातून आलो, म्हटलं संपलं, मी मारलं हिला, सिलिकॉनने मारलं नाही तर वाऱ्याने मारलं. तर त्या म्हणतात, "ल्युबिशा, माझं डोकं दुखायचं थांबलंय." गाल लाल! डोळे टक्क! म्हणाल्या भूक लागलीय. आणि मग म्हणाल्या, "ती आली होती माझ्यासाठीच. पण कांबळ्यात होते ना, ओळखलं नाही. घर झाडून गेली."

कळलं ना मास्तर? हा शोध आहे, तुमच्या पुस्तकात नसेल. प्रोमाया वाईट नाही, ती फक्त माणूस सापडला की धरते. माणूसच नसला तर बिचारी काय करणार? येते, कोपरे बघते, शिळं सगळं उचलते आणि जाते. म्हणून मग हा बेत ठरला. यागोदाने चांगली खरडपट्टी काढली, माझीही, स्पीकरवर, आणि तीस दिवसांची अट घातली, डबी घराबाहेर गेली तर लगेच गाडी. खिडक्या मी नव्या बसवल्या, झडपांसकट, सिलिकॉन हा शब्द काढला नाही, पैसेही काढले नाहीत. आणि रोज एकला, धूर दरीतून वर उठला की, बाई रुमाल बांधून खाली विदोसावाकडे, मी टोपी घालून आत, सगळ्या खिडक्या सताड, पळत बाहेर, दार बंद. पाच मिनिटं. मग मी पुन्हा टोपी घालून आत, खिडक्या बंद, आणि मग बाई येणार. त्याआधी नाही. बाई तिच्यासाठी टेबलावर कॉफी ठेवतात, लहान कपात. गार झालेली असते, पण पाहुणी आली तर कॉफी द्यायला नको? व्हिएन्नावाली स्वयंपाकघराच्या खिडकीतच ठेवतो, तिथे लवकर हसते. भिंत सुकली मास्तर! बुरशी पुसली व्हिनेगरने, पुन्हा आली नाही. आणि त्या दुपारी जाग्या असतात. बोलतात. वाक्यं पुरी करतात — कधीकधी मला वाटतं अर्धी होती तेच बरं होतं.

पंधराव्या दिवशी घरचा सण होता, संत निकोलाचा. बावीस पाहुणे, सारमाचं, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचं, पातेलं, मेणबत्ती, आणि पाद्रीबाबा धूप घेऊन. बाराला आकडा चार हजार शंभर! व्हिएन्नावालीने असा आवाज काढला की बाबांना वाटलं धूप लागू पडतोय आणि त्यांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या जास्त मारल्या. एकला काय करणार? उठा म्हटलं सगळे! बावीस माणसं, ताटं हातात, ह्या जिन्यात, चौथ्यापासून पार दुसऱ्यापर्यंत, प्रत्येक पायरीवर एक, खाली रुमाल नाहीतर टोपी, आणि बाबा तिथे, त्या मीटरच्या पेटीखाली, धूपदाणी हलवत प्रार्थना पुरी करतायत. विदोसावाने जिन्याच्या वळणावर पातेलं धरलेलं. एकही जण म्हणाला नाही की हा काय वेडेपणा. सगळ्यांना प्रोमाया माहीत आहे. उलट बाईंचा दीर म्हणाला, माझ्याही घरी ठेवतो हिला रोज पाच मिनिटं. हिरवा! चारशे साठ! यागोदाला आम्ही जिन्याचा फोटो पाठवला नाही.

आणि आज तिसावा. आज झालं की झालं. उद्यापासून मग... बिजागऱ्या तर तीस दिवस बघून झाल्या. बिजागरीत बघण्यासारखं तरी काय असतं? उघडते, बंद होते. तीस दिवस रोज एकला मी गावाच्या त्या टोकाकडून येतोय, आणि त्या रोज म्हणतात, उशीर केलास दळभद्र्या. उद्या काय सांगून यायचं, हे मी अजून — किती वाजले? मास्तर, तुमच्या घड्याळात किती? किती? एक वाजून नऊ? अहो मग बोलायचं नाही का! चार मिनिटं वर गेली, मला खिडक्या — कोण येतंय वर? मिलुंका? अगं थांब! थांब खालीच, मी अजून खिडक्या — किल्ली नको लावूस, आत ती आहे! आणि हे वारं कुठून येतंय माझ्या पाठीवर? मास्तर, ती जिन्यातली काच — मिलुंका, दार नको! दार —

बापरे.

लागलं का? मान हलवून बघ. हलते? रुमाल कुठे गेला? जाऊ दे रुमाल, आपण बघतो नंतर. सरका मास्तर, ह्या जिन्याच्या काचेतून बघू दे खाली अंगणात — स्वयंपाकघराच्या खिडकीत डबी नाहीये. नाहीये! ती बघा, ती बघा, क्रोशाचा रुमाल! उघडलाय, छत्रीसारखा, चारही कोपरे, अलगद चाललीय, हे तर विमानातून उडी मारल्यासारखं — हिरवी आहे! अजून हसतेय! धरा कुणीतरी! खालचा तो कोण, अहो टोपीवाले, वर बघा! — नाही. गेली. कचऱ्याच्या गाडीत. निघाली गाडी.

नको उचलूस यागोदाचा फोन, मिलुंका. थांब, मी बोलतो, मी सांगतो माझी चूक — उचललास? काय म्हणते? काय म्हणते गं? माझा डावा डोळा नको बघूस, वारं गेलंय, सांग ना काय म्हणते! ... संपर्क तुटला? वायफायच्या बाहेर? आणि शेवटचा आकडा? चारशे चौतीस. एक वाजून दहा. हिरवा. तीस? तीस म्हणाली? ती तीसच म्हणाली ना?

ऐकलंत मास्तर, बाई काय म्हणाल्या ते? "मी सांगितलं नव्हतं? प्रोमाया मारते." बघा. डबी मेलीच की! आता काढा सिद्धान्त.

काय गं? उद्या? ... एकला. हो, एकलाच येतो ना, खिडक्या दुसरा कोण उघडणार. नाही करत उशीर. तू आत जा, मी टोपी घालून आलोच, आधी ह्यांचं बघतो.

तर मास्तर, ती काच कुणी ढकलली? तुम्ही. मी म्हटलं असेल, पण मी नुसतं म्हटलं, हात तुमचा. साक्षीदार? मी आहे ना. एकशे एकोणचाळीस युरो, कंपनीचा भाव आहे, रुमालाचे मी धरत नाही. दिनारही चालतील, आजच्या दराने. पावती व्हिएन्नात आहे. ते पत्र द्या इकडे — हीटिंगचं बिल आहे होय? मग राहू द्या तुमच्याकडेच, तेही भरून टाका. उठा आता, पुठ्ठा माझा आहे. आणि ती काच लावा आधी, आणि मग खिसा उघडा.